श्रीलंकेचं युद्ध आणि सामान्य माणूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेतल्या युद्धावर मी बोलते, लिहिते. त्यानंतर जी पत्रं आणि निरोप येतात, त्यांत काही प्रश्न पुन्हा पुन्हा असतात. कुणी उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याला निघालेलं असतं, कुणी परीक्षेचा अभ्यास करत असतं, कुणाचे काका शांतिसेनेत होते. ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत. लढाया, सेनापती आणि शस्त्रं यांवर मराठीत पुष्कळ सापडेल. हे पान घरात, बसमध्ये, रेशनच्या रांगेत आणि बंकरमध्ये असलेल्या माणसांबद्दल आहे.

१. हे युद्ध नेमकं कधी सुरू झालं आणि कधी संपलं?

पुस्तकांत २३ जुलै १९८३ ते १८-१९ मे २००९ असं लिहिलेलं असतं, म्हणजे जवळपास २६ वर्षं. २३ जुलैला जाफन्यात लिट्टेच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, हल्ल्यात १३ सरकारी सैनिक मारले गेले आणि लगेच कोलंबोत तमिळांविरुद्ध दंगल उसळली.

माणसांना विचारलंत तर मात्र सुरुवातीची तारीख बदलत जाते. जाफन्यातले वृद्ध १९५६ पासून सुरुवात करतात, कारण त्या वर्षीच्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. कुणी १९५८ ची दंगल सांगतं. शिकलेली माणसं हमखास १ जून १९८१ च्या सुमाराची ती रात्र सांगतात, जेव्हा जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रांवरच्या पोथ्या राख झाल्या. अनुराधपुरजवळच्या सिंहली खेड्यांत १९८४-८५ ऐकू येतं, उत्तरेकडच्या मुस्लिमांकडून ऑक्टोबर १९९०. संपण्याच्या तारखेवरही एकमत नाही. ज्यांचं माणूस अजून परतलेलं नाही, त्यांच्याकडे शेवटची तारीखच नाही (प्रश्न १२ पाहा).

२. याला 'यादवी' म्हणणं बरोबर आहे का?

मराठीत हाच शब्द रुळलेला आहे आणि मीही वापरते. एकाच कुळातल्यांनी एकमेकांना मारलं, असं त्यात गृहीत आहे, तेवढं लक्षात ठेवावं. सरकार याला दहशतवादाविरुद्धची लढाई म्हणत आलं आणि शेवटच्या टप्प्याला त्याने 'मानवतावादी मोहीम' असं नाव दिलं. अनेक तमिळ लोक 'पोराट्टम', म्हणजे लढा, म्हणतात आणि २००९ साठी वंशसंहार हा शब्द वापरतात. समोरचा कोणता शब्द वापरतो, एवढ्यावरून त्याची निम्मी गोष्ट कळते. म्हणून बोलताना आपला शब्द पुढे न करता त्याचा शब्द आधी ऐकावा.

३. सिंहली विरुद्ध तमिळ, इतकं साधं होतं का?

नाही. एका बाजूला सरकारी सैन्य होतं. दुसऱ्या बाजूला सुरुवातीला अनेक तमिळ संघटना होत्या, त्यांतल्या बऱ्याच लिट्टेनेच १९८६ नंतर मोडून काढल्या. तमिळ बोलणारे मुस्लिम स्वतःला वेगळा समाज मानतात (प्रश्न ७). चहाच्या मळ्यांतल्या तमिळ मजुरांची कहाणी आणखी निराळी. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्वच नाकारलं होतं. आणि १९८७ ते १९८९ या काळात दक्षिणेत सिंहली तरुणांचं एक वेगळंच बंड पेटलं होतं, त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये.

४. ८३ च्या जुलैत कोलंबोत काय झालं? लोक त्याबद्दल इतक्या दबक्या आवाजात का बोलतात?

मारल्या गेलेल्या सैनिकांचे मृतदेह कोलंबोला आणले गेले, स्मशानभूमीपाशी गर्दी जमली आणि तिथून जाळपोळ पसरत गेली. हल्लेखोरांच्या हातात मतदारयाद्या होत्या. कोणत्या घरात तमिळ कुटुंब राहतं आणि कोणतं घर सिंहली मालकाचं असल्याने जाळायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. वेलिकडा तुरुंगात २५ आणि २७ जुलैला ५३ तमिळ कैद्यांची हत्या झाली. एकूण मृतांचा सरकारी आकडा काही शेकड्यांचा, इतर अंदाज तीन हजारांपर्यंत जातात.

त्या आठवड्याच्या आठवणींत एक प्रसंग वारंवार येतो. जमाव बस थांबवायचा आणि माणसाला 'बाल्दिय' हा शब्द म्हणायला सांगायचा. सिंहलीत त्याचा अर्थ बादली. तमिळ तोंडाला सुरुवातीचा 'ब' अवघड जातो, तिथे 'व' येतो, आणि माणूस ओळखला जायचा. हा शब्द पोर्तुगीजांनी तिथे नेला, आपल्याकडची 'बालदी' त्याच घरातली. नळाखाली रोज ठेवायच्या वस्तूचं नाव उच्चारताना जीव जाऊ शकतो, हे ऐकल्यापासून मला तो शब्द पूर्वीसारखा सहज म्हणता येत नाही.

दबक्या आवाजाचं कारण शेजारी. कित्येक तमिळ कुटुंबं सिंहली शेजाऱ्यांनी माळ्यावर, न्हाणीघरात लपवली म्हणून वाचली. आणि काहींचं घर ज्यांनी दाखवून दिलं, तेही शेजारीच होते. एकाच गल्लीतल्या दोन घरांची ही गोष्ट. ती मोठ्याने सांगितली की कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं.

५. उत्तरेत राहणाऱ्यांचा रोजचा दिवस कसा असायचा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९९० पासून लिट्टेच्या ताब्यातल्या भागावर सरकारने माल नेण्याची बंदी घातली. पेट्रोल, बॅटऱ्या, साबण, मेणबत्त्या, सिमेंट, कितीतरी औषधं. जाफन्यात अनेक वर्षं वीज नव्हती. जॅमच्या रिकाम्या बाटलीत थोडं रॉकेल आणि कापसाची वात घालून दिवा करायचा, आणि त्या उजेडात मुलांनी शालान्त परीक्षेचा अभ्यास करायचा. मोटारसायकलला पेट्रोलचे चार थेंब पाजून चालू करायची आणि मग रॉकेलवर पळवायची. रेडिओला बॅटरी नाही, म्हणून सायकल उलटी उभी करून एकाने पेडल मारायचं, डायनॅमोवर रेडिओ चालायचा आणि बाकीच्यांनी बातम्या ऐकायच्या. पेडल मारणारा दमला की बातमी अर्ध्यावर तुटायची.

अंगणात बंकर असायचा. खड्डा, त्यावर ताडाचे ओंडके, वर वाळूच्या गोण्या. पावसाळ्यात त्यात पाणी भरे, साप शिरत. आत न जावं तर वर तोफगोळे. मुलं आवाजावरून गोष्टी ओळखायला शिकली: तोफ उडाल्याचा आवाज आणि गोळा पडल्याचा आवाज, यांच्यामधला वेळ मोजायचा. सरकारी हवाई दलाच्या किफिर लढाऊ विमानाचा आवाज वेगळा. पुढे टेहळणीची वैमानिकरहित विमानं आली, त्यांच्या घरघरीमुळे लोक त्यांना 'वण्डु' म्हणजे भुंगा म्हणू लागले. २००९ मध्ये गोण्या संपल्या तेव्हा बायकांनी साड्या फाडून पिशव्या शिवल्या आणि वाळू भरली, त्यांत लग्नातल्या रेशमी साड्याही होत्या.

लिट्टेच्या प्रदेशातून बाहेर पडायला त्यांचा परवाना लागे, आणि मागे कुणीतरी जामीन राहावं लागे. सरकारी बाजूला पाऊल ठेवलं की तिथे ओळखपत्राची, थैल्यांची तपासणी. नवऱ्याच्या उपचारांसाठी कोलंबोला जायचं तर बाईला दोन सत्तांची परवानगी हवी. युद्धाच्या आठवणी विचारल्यावर कित्येक बायका स्फोटांआधी या रांगांबद्दल बोलतात.

६. दक्षिणेतल्या सिंहली लोकांनी काय भोगलं? त्यांच्याबद्दल कमी का ऐकू येतं?

तमिळांची बाजू जगभर पांगलेल्या लोकांमुळे इंग्रजीत पोचली. तमिळ आणि सिंहली भागांच्या सीमेवरच्या गरीब सिंहली शेतकऱ्याची पोचली नाही.

१४ मे १९८५ ला अनुराधपुरात बसस्थानकापासून पवित्र बोधिवृक्षाच्या आवारापर्यंत लिट्टेने १४६ माणसं मारली. सीमेवरच्या गावांत वर्षानुवर्षं लोक संध्याकाळी जेवून, मुलांना घेऊन रानात झोपायला जात. रात्री घरात झोपणं धोक्याचं होतं. जून २००६ मध्ये केबितिगोल्लेवाजवळ सुरुंगाने बस उडाली, साठांहून अधिक गेले.

शहरातली भीती निराळी. ३१ जानेवारी १९९६ ला कोलंबोत मध्यवर्ती बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला. ९१ मृत्यू झाले आणि उडालेल्या काचांनी अनेकांची दृष्टी गेली. त्या वर्षांत नवरा-बायको एकाच ठिकाणी कामाला असले तरी वेगवेगळ्या बसने जात, एक बस उडाली तर मुलांना एक तरी पालक उरावा म्हणून. हे मला कितीतरी जणांनी सांगितलं आहे, अगदी सहज, बाजारहाट सांगावा तसं.

आणि सैनिक कुठून येत? बहुतेक गावाकडच्या गरीब घरांतून. पगार नियमित मिळे म्हणून पोरं भरती होत. पुष्कळ घरांत शवपेटी मोहोरबंद आली, उघडू नका असं सांगून. आत आपलंच लेकरू होतं का, हा प्रश्न त्या आयांना आजही छळतो. त्याआधी १९८७ ते १९८९ मध्ये जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या सिंहली पक्षाचं बंड आणि ते चिरडण्याची सरकारी मोहीम, या दोन्हींत हजारो सिंहली तरुण मारले गेले किंवा नाहीसे झाले. तो काळ लोक 'भीषणय' या शब्दाने ओळखतात. मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगायला नको.

७. मुस्लिमांच्या आठवणी वेगळ्या का?

त्यांना बाहेर काढणारे त्यांचीच भाषा बोलत होते, म्हणून. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातल्या सगळ्या मुस्लिमांना, सत्तर हजारांहून अधिक माणसांना, हाकललं. जाफना शहरात ३० ऑक्टोबरला ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं: उस्मानिया कॉलेजच्या मैदानावर जमा. तिथे दोन तासांची मुदत मिळाली. वाटेतल्या नाक्यावर दागिने काढून घेतले, लहान मुलींच्या कानांतलेही. अंगावरचे कपडे आणि खिशात थोडे पैसे घेऊन ते पश्चिम किनाऱ्यावरच्या पुत्तलमला पोचले आणि झावळ्यांच्या झोपड्यांत दहा-वीस वर्षं राहिले. त्याच्या तीनच महिने आधी, ३ ऑगस्टला, पूर्वेकडच्या काट्टानकुडीच्या मशिदींत नमाज पढणारे शंभराहून अधिक लोक गोळ्या घालून मारले गेले होते.

२००९ नंतर काही कुटुंबं परतली. घरांच्या जागी झाडी माजलेली, नाहीतर दुसरं कुणी राहत असलेलं. पुत्तलममध्ये जन्मलेल्या मुलांना जाफना हे आजीचं गाव वाटतं, स्वतःचं नाही. पुत्तलमचे जुने रहिवासी मात्र त्यांना अजून निर्वासितच म्हणतात.

८. 'इडम्पेयर्वु' हा शब्द सारखा येतो. त्याचा अर्थ काय?

तमिळमध्ये शब्दशः जागा सोडणं, विस्थापन. पण तिथे तो मोजायचा शब्द आहे. आपण वय सांगताना 'मॅट्रिकला होतो तेव्हा' म्हणतो, तसं तिथे 'तिसऱ्या इडम्पेयर्वुच्या वेळी मुलगा पोटात होता' असं म्हणतात. दहा-बारा वेळा घर सोडलेली कुटुंबं वन्नी भागात, म्हणजे जाफन्याच्या दक्षिणेकडच्या मुलखात, दुर्मीळ नाहीत.

सर्वांत मोठं ३० ऑक्टोबर १९९५ चं. सैन्य जाफन्याजवळ आलं, लिट्टेने शहर ताबडतोब रिकामं करायला सांगितलं आणि लाखो माणसं भर पावसात चेम्मणी-नावट्कुळीच्या एकाच वाटेने निघाली. पुढे पाऊल टाकायलाही जागा नव्हती. म्हाताऱ्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं होतं. लोकांनी काय बरोबर घेतलं हे विचारलंत तर उत्तरं बहुधा सारखी येतात: जमिनीची कागदपत्रं, मुलांचे जन्मदाखले, थोडं सोनं, एक भांडं. फोटो राहून गेले. म्हणून त्या पिढीतल्या अनेकांकडे स्वतःच्या बालपणाचा एकही फोटो नाही.

९. भारतीय शांतिसेनेबद्दल तिथले लोक काय म्हणतात? माझे काका त्यात होते.

हा प्रश्न महाराष्ट्रातून नेहमी येतो, आणि त्याचं उत्तर देताना मन जड होतं. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपलं सैन्य गेलं तेव्हा जाफन्यात लोकांनी हार घातले. ऑक्टोबरात लिट्टेशी लढाई जुंपली आणि सगळं फिरलं. तमिळ लोक 'शांतिसेना' म्हणत नाहीत, 'इंडियन आर्मी' म्हणतात, आणि त्या काळाची सर्वांत ठसठशीत आठवण २१-२२ ऑक्टोबर १९८७ ची आहे. ऐन दिवाळीत जाफन्याच्या रुग्णालयात सैनिक शिरले आणि गोळीबारात साठांहून अधिक माणसं गेली, त्यांत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. सैन्याच्या बाजूने सांगितलं गेलं की आतून लिट्टेने गोळीबार केला होता. वाचलेले कर्मचारी वेगळं सांगतात.

दुसरीकडे, मार्च १९९० पर्यंत सुमारे १२०० भारतीय जवान तिथे कामी आले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तुमच्या काकांचं शौर्य आणि त्या परिचारिकेच्या घरचा आक्रोश, दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं खोडलं जात नाही. काका बोलत असतील तर ऐकून, लिहून ठेवा. आपल्याकडे जवानांच्या त्या आठवणी फारशा नोंदलेल्याच नाहीत.

१०. तमिळ जनता लिट्टेच्या बाजूने होती की भीतीपोटी गप्प होती?

दोन्ही, आणि बरेचदा एकाच घरात. लोक त्यांना 'इयक्कम', म्हणजे चळवळ, म्हणत, किंवा नुसतं 'पेडियळ', आपली पोरं. मोठा मुलगा स्वखुशीने गेलेला आणि धाकटीला बळजबरीने नेऊ नये म्हणून आईने तिला लपवलेलं, असं सर्रास घडलं. शेवटच्या वर्षांत घरटी एक जण द्यावाच लागे. तो टाळण्यासाठी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची घाईने लग्नं लावली गेली, मुलांना खड्ड्यांत लपवलं गेलं. २००९ मध्ये निसटू पाहणाऱ्या लोकांवर लिट्टेने गोळ्या झाडल्या, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने नोंदवलं आहे. ते सांगणारी बाईच २७ नोव्हेंबरला, लिट्टेच्या मृत लढवय्यांच्या स्मृतिदिनी, मुलासाठी दिवा लावते. तिला 'तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?' असं विचारू नये.

११. २००९ च्या शेवटच्या महिन्यांत काय झालं आणि मृतांचे आकडे इतके वेगळे का?

२ जानेवारीला लिट्टेचं मुख्य केंद्र असलेलं किळिनोच्चि पडलं. लिट्टे माघार घेत गेली तसे लोकही पूर्वेकडे ढकलले गेले, शेवटी मुळ्ळिवाय्क्काल इथे समुद्र आणि नंदिक्कडल खाजण यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यात. सरकारने जाहीर केलेल्या 'गोळीबारमुक्त' पट्ट्यांतच तोफगोळे पडत राहिले, रुग्णालयांवरही. आत किती माणसं आहेत याचा आकडा सरकारने फारच कमी धरला, आणि अन्न त्या हिशोबाने पाठवलं. प्रत्यक्षात जवळपास तीन लाख माणसं बाहेर आली. म्हणून त्या दिवसांची आठवण भुकेची आहे: पाण्यात थोडा तांदूळ आणि मीठ घालून केलेली कंजी. कोकणातल्या पेजेसारखीच, पण तीत तांदूळ शोधावा लागे.

मेलेल्यांना मोजणारं कुणी उरलं नव्हतं, पत्रकारांना प्रवेश नव्हता. सरकार आधी नागरिक मेलेच नाहीत म्हणत होतं. तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ४० हजारांपर्यंतचा अंदाज ग्राह्य मानला, संयुक्त राष्ट्रांच्याच २०१२ च्या अंतर्गत आढाव्याने ७० हजारांपर्यंतची शक्यता नोंदवली. संपूर्ण युद्धासाठी ८० हजार ते एक लाख असं साधारण म्हटलं जातं. वाचलेल्यांना काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवलं गेलं. मेनिक फार्म ही त्यांतली सर्वांत मोठी, ती सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाली.

१२. बेपत्ता माणसांच्या घरच्यांनी मृत्यूचा दाखला घेऊन मोकळं का होऊ नये?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण हे त्या आयांसमोर बोलू नका. मे २००९ मध्ये वट्टुवाकल पुलाजवळ पुष्कळांनी आपला नवरा, मुलगा स्वतःच्या हाताने सैन्याच्या ताब्यात दिला, चौकशी करून सोडू असं सांगितलं म्हणून. त्या कशा मानतील तो मेला? तमिळमध्ये त्या 'काणामल पोनवर' (हरवलेले) म्हणत नाहीत. 'काणामल आक्कप्पट्टोर' म्हणतात, म्हणजे नाहीसे केले गेलेले. कुणीतरी केले, हे त्या क्रियापदातच आहे.

बायको गळ्यातली ताली (मंगळसूत्र) काढत नाही, कुंकू पुसत नाही, श्राद्ध करत नाही. तिला बँकेतले नवऱ्याचे पैसे काढता येत नाहीत, जमीन नावावर होत नाही. २०१६ च्या कायद्याने मृत्यूच्या दाखल्याऐवजी 'अनुपस्थितीचा दाखला' घेण्याची सोय झाली, ती याचसाठी. बेपत्ता व्यक्तींसाठीचं सरकारी कार्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. रेड क्रॉसकडे १६ हजारांहून अधिक बेपत्तांची नोंद आहे आणि त्यांत पाच हजारांहून अधिक सुरक्षा दलांतले आहेत. म्हणजे सिंहली आयाही याच रांगेत उभ्या आहेत. किळिनोच्चित २० फेब्रुवारी २०१७ पासून आया रस्त्याकडेला मांडवात फोटो घेऊन बसल्या. त्यांतल्या कित्येक वाट पाहता पाहता वारल्या.

१३. मृतांची आठवण जाहीरपणे काढता येते का?

कोणाचे मृत आणि कोणतं सरकार, यावर ठरतं. १८ मे ला उत्तरेत तमिळ लोक रस्त्यावर मुळ्ळिवाय्क्कालची कंजी वाटतात. १९ मे ला सरकार सैनिकांसाठी वीरदिन पाळतं. एकाच आठवड्यात एकीकडे सुतक आणि दुसरीकडे संचलन. लिट्टेची दफनभूमी सैन्याने युद्धानंतर बुलडोझरने सपाट केली. दगडच गेल्याने आया २७ नोव्हेंबरला अंदाजाने जागा धरून दिवा लावतात. वर 'कार्तिगैप्पू' ठेवतात. हे फूल म्हणजे आपली कळलावी, पावसाळ्यात सह्याद्रीत दिसते तीच लाल-पिवळी. ८ जानेवारी २०२१ च्या रात्री जाफना विद्यापीठातलं स्मारक पाडलं गेलं, विद्यार्थ्यांनी उपोषण केलं आणि काही महिन्यांत ते पुन्हा उभं राहिलं.

माझं मत विचाराल तर, मुलगा कोणत्या गणवेशात मेला यावरून आईचं रडणं कायदेशीर की बेकायदेशीर ठरवू नये.

१४. जाफन्याला फिरायला जाणार आहोत. लोकांशी या विषयावर बोलावं का?

जरूर जा. १९९० पासून बंद असलेली याळ देवी रेल्वेगाडी ऑक्टोबर २०१४ मध्ये पुन्हा जाफन्यापर्यंत जाऊ लागली, ग्रंथालयही पुन्हा उभं आहे. पण युद्धाबद्दल थेट विचारू नका. घराबद्दल विचारा: हे घर कधी बांधलं, आधी कुठे होतात. बोलायचं असेल तर तेच बोलतील. फोटो काढू नका, नाव लिहून घेऊ नका, दुभाषा कोण आहे ते आधी पाहा. भूसुरुंगांच्या खुणा असलेल्या रानात पाऊल टाकू नका. वाटेत शेंडे नसलेले ताड दिसतील. ते वीज पडून गेलेले नाहीत, तोफगोळ्यांनी तोडलेले आहेत.

१५. इतकी वर्षं झाली. जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार?

'उकरणं' हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. जाफन्याजवळच्या चेम्मणीत पुरलेल्या प्रेतांबद्दल एका शिक्षा झालेल्या सैनिकाने १९९८ मध्येच न्यायालयात सांगितलं होतं. १९९९ मध्ये १५ मृतदेह निघाले आणि काम थांबलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या स्मशानात बांधकाम करताना पुन्हा हाडं लागली. न्यायालयाच्या देखरेखीखाली उत्खनन झालं तेव्हा दोनशेहून अधिक सांगाडे सापडले, त्यांत लहान मुलांचेही. एका मुलाजवळ निळं दप्तर होतं. कपडे, चपला, बांगड्या, एक खेळणं अशा वस्तू ऑगस्टमध्ये लोकांना ओळख पटवण्यासाठी मांडल्या गेल्या, आणि तीस वर्षांपूर्वी हरवलेल्या आपल्या माणसाच्या अंगावर काय होतं ते आठवत माणसं त्यांच्यासमोरून एकेक करून पुढे सरकत होती.